आमदारकीचा अर्ज: पुण्यात उभं राहायचंय? आधी सूचकांची नावं तपासा

विधानसभेला उभं राहायला छाननीच्या दिवशी वय २५ पूर्ण हवं, नागरिकत्व भारताचं हवं आणि महाराष्ट्रातल्या कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत नाव हवं. म्हणजे हडपसरचा मतदार कसब्यातून उभा राहू शकतो. फक्त आपल्या यादीतल्या नोंदीची प्रमाणित प्रत त्याने जोडायची. इथवर सहसा कोणी अडत नाही.

अडतात ते सूचकांपाशी, म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवून अर्जावर सही करणाऱ्या मतदारांपाशी. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला १ सूचक पुरतो, अपक्षाला १० लागतात, आणि हे दहाही जण त्याच मतदारसंघाचे मतदार असावे लागतात. पुण्यात ही गंमत नाही. वाडा पाडला म्हणून पेठेतून कोथरूडला गेलेल्या मित्राचं नाव अजून कसब्यात आहे की कोथरूडला, हे त्यालाही सांगता येत नाही. ‘अरे, आपलाच माणूस आहे’ म्हणून सही घेऊ नका, यादी उघडून भाग क्रमांक आणि अनुक्रमांक बघा. दहातला एक जरी बाहेरचा निघाला तरी अर्ज गेला. एका मतदारसंघात ४ अर्ज भरता येतात आणि अनामत एकदाच लागते. तेव्हा दुसरा अर्ज वेगळ्या दहा जणांच्या सह्यांचा भरून ठेवा.

मग नमुना २६, म्हणजे मालमत्ता, कर्ज आणि गुन्ह्यांचं शपथपत्र. यात एकही रकाना कोरा ठेवायचा नाही. काही नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. नुसती रेघ ओढून चालत नाही. कोरा रकाना दिसला की अधिकारी नोटीस देतात, आणि छाननीपर्यंत दुरुस्त शपथपत्र आलं नाही तर अर्ज बाद होऊ शकतो. गेल्या १० वर्षांत सरकारी निवासस्थानात राहिला असाल तर भाडं, वीज, पाणी, फोन यांची थकबाकी नसल्याचे दाखले आधीच मागून ठेवा. आचारसंहितेच्या धावपळीत ते हातात कधी पडतील, याचा भरवसा कोणी देऊ नये.

शपथपत्र दिलं म्हणजे शपथ झाली, असं समजणारे दर निवडणुकीत भेटतात. तसं नाही. राज्यघटनेवरच्या निष्ठेची शपथ वेगळी. ती अर्ज दिल्यानंतर आणि छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत घ्यायची असते. छाननीच्या सकाळी घेतलेली चालत नाही. अर्ज दिल्या दिवशीच, खुर्चीवरून उठायच्या आत घेऊन टाका.

अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५,०००. चेक घेत नाहीत. खर्चाचं स्वतंत्र बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडा.

वेळ सकाळी ११ ते दुपारी ३. २०२४ मध्ये मुदत २२ ते २९ ऑक्टोबर होती. मधल्या सुट्ट्यांना अर्ज घेत नाहीत, त्यामुळे हातात दिसतात त्यापेक्षा कमी दिवस असतात. पक्षाचे एबी फॉर्मही (हा आमचा अधिकृत उमेदवार, असं सांगणारी पक्षाची पत्रं) शेवटच्या दिवशी ३ च्या आतच, शाईच्या सहीचे, मूळ प्रतीत. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो दाखवून हुज्जत घालू नका. तोवर घड्याळ पुढे सरकत असतं.