बाळाला बरं नाही: मेडिकलमध्ये यावं, दवाखान्यात न्यावं की थेट हॉस्पिटल गाठावं?

नाशिकच्या उपनगर भागातल्या आमच्या मेडिकलमध्ये रात्री साडेनऊनंतर येणाऱ्या बऱ्याच जणांचं मागणं एकच असतं: "बाळाला ताप आहे, काहीतरी द्या. उद्या दाखवतोच डॉक्टरांना." याचं उत्तर काउंटरवर घाईघाईत नीट देता येत नाही, म्हणून हे पत्रक छापलं. फ्रिजच्या दारावर लावून ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो बाळाला घरी ठेवून दुकानात येण्यात. आम्ही विचारतो, वजन किती? अंगावर पितंय का? शेवटची शू कधी केली? मग घरी फोन, तो उचलेपर्यंत थांबणं, पुन्हा विचारणं. गेल्या पावसाळ्यात एक वडील सात महिन्यांच्या मुलीसाठी खोकल्याचं औषध मागायला आले. श्वास कसा चाललाय, असं विचारल्यावर त्यांनी घरी फोन लावला. आईने झबलं वर करून मिनिटभर मोजलं, तर श्वास साठच्या वर, आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. आम्ही बाटली दिलीच नाही, आधी हॉस्पिटल गाठा म्हणालो. मुलगी बरी झाली. पण घरातून निघाल्यापासून अर्धा तास गेला होता, आणि तो आमच्या दुकानापायी गेला.

म्हणून निघण्याआधी घरीच बाळाकडे नीट बघा. पिणं पूर्ण थांबलंय, पोटात काहीच टिकत नाही, झटके आलेत, हाक मारली तरी डोळे उघडत नाही, ओठ निळसर दिसतात, छाती आत ओढली जाते, यातलं एकही असेल तर मेडिकल नको आणि सकाळची वाटही बघू नका. श्वास मोजायचा तो बाळ शांत असताना, पोट उघडं ठेवून, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा साठ किंवा जास्त, दोन ते बारा महिन्यांच्या बाळाचा पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा चाळीस किंवा जास्त भरला, तर लगेच डॉक्टर. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप म्हणजेही लगेच डॉक्टर. त्याला आमच्याकडून तापाचं औषध नेऊन परस्पर पाजू नका.

मोठ्या मुलाच्या बाबतीत मात्र थर्मामीटरच्या आकड्यापेक्षा मूल कसं आहे ते बघा. १०२ ताप असूनही औषधानंतर खेळणारं, पाणी मागणारं मूल सकाळपर्यंत थांबू शकतं. १०० ताप असून मान टाकून पडलेलं मूल थांबू शकत नाही. पावसाळ्यात आणखी एक ध्यानात ठेवा. डेंग्यूमध्ये ताप उतरतो तेव्हाच धोका वाढू शकतो. ताप गेला पण पोट दुखतंय, सारख्या उलट्या होतायत, हिरड्यांतून रक्त येतंय, तर हॉस्पिटल. आणि डेंग्यूची शंका असेल तेव्हा आयब्युप्रोफेन (ताप-दुखण्यावरचं दुसरं औषध) देऊ नका.

हॉस्पिटल म्हणजे कुठलं? रात्री समोर दिसेल त्या पाटीखाली शिरू नका. ते हाडांचं किंवा बाळंतपणाचं निघतं आणि पुढे पाठवतात. बालरोगतज्ज्ञ आत्ता आहेत का, एवढं फोनवर विचारूनच निघा. आपल्या भागाला नाशिकरोडचं महापालिकेचं बिटको रुग्णालय जवळ. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला जायचं तर द्वारका चौक ओलांडावा लागतो, संध्याकाळच्या कोंडीचा हिशोब धरा. झटके किंवा श्वासाचा त्रास असेल तर १०८ लावा. जाताना फाइल, लसीकरणाचं कार्ड आणि दिलेल्या औषधांच्या बाटल्या सोबत घ्या. बाटली बघितली की डॉक्टरांचे निम्मे प्रश्न संपतात.

आता बाटल्यांविषयी. पॅरासिटामॉल या तापाच्या औषधाचे थेंब आणि सिरप एक नव्हेत. थेंबांत साधारणपणे एका मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं. सिरपच्या पाच मिलीत कुठे १२५, तर कुठे २५०. सिरपच्या सवयीने थेंबांचे पाच मिली पाजले तर एकदम ५०० मिलिग्रॅम पोटात जातं. दहा किलोच्या मुलाला एका वेळी १०० ते १५० पुरतं. म्हणून आम्ही दर वेळी वजन विचारतो, वय नाही. त्याचा राग मानू नका.

चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागितलं की आम्ही नाही म्हणतो, त्यावर काही जण नाराज होऊन पुढच्या दुकानात जातात. जाऊ देत. बरीच अँटिबायोटिक्स शेड्यूल एच-१ या सरकारी यादीत आहेत आणि त्या यादीतल्या औषधांची नोंद आम्हाला रजिस्टरमध्ये ठेवावी लागते, हे एक. दुसरं म्हणजे मागच्या आजारातली उरलेली अर्धी बाटली या आजाराला लागू पडेलच असं नाही, आणि पाणी घालून तयार केलेलं औषध तर काही दिवसांतच निकामी होतं. खोकल्याचं सिरपही दोन वर्षांखालच्या मुलाला आम्ही देत नाही. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात दूषित सिरपने मुलं दगावली, तेव्हापासून पाच वर्षांखालच्यांसाठीही चिठ्ठी बघितल्याशिवाय हात लावत नाही.

जुलाब लागले तर पहिल्या जुलाबापासून ओआरएस सुरू करा. मोठं पाकीट एक लिटर पाण्याला, छोटं २०० मिलीला, आणि ते वाटीभर पाण्यात कालवू नका. गोड फळांचं पेय म्हणजे ओआरएस नव्हे. सोबत झिंक चौदा दिवस द्यायचं असतं, जुलाब थांबले तरी. डोस डॉक्टरांना विचारून घ्या.

ओआरएस, डिजिटल थर्मामीटर आणि खुणा असलेली औषधाची पिचकारी आमच्याकडे कायम असते. थर्मामीटर कसा लावायचा ते दाखवूनच देतो. बाळाला दुकानात आणलंत तर वजन फुकट करून देतो आणि वहीत लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी फोनवरही काम होतं. चिठ्ठीचा फोटो पाठवलात तर उपनगर आणि जेलरोड भागात रात्री अकरापर्यंत औषध घरपोच येईल. बाळाजवळून कोणाला उठावं लागणार नाही.