बदकांची हल्ल्यानंतरची शुश्रूषा

कुत्रा, मांजर, मुंगूस, कोल्हा किंवा उदमांजर यांच्या तावडीतून सुटलेल्या पाळीव बदकाची, नवी पिसे येईपर्यंत घ्यावयाची काळजी. असे बदक पुष्कळदा डोळ्यांना दिसणाऱ्या जखमेने दगावत नाही. आधी धक्क्याने आणि पुढे पिसांखाली झाकल्या गेलेल्या जंतुसंसर्गाने दगावते. म्हणून आधी ऊब, मग तपासणी, मग जखम असा क्रम पाळतात. अपवाद वाहत्या रक्ताचा. २ किलोच्या बदकाच्या अंगात सुमारे १५० मिलिलिटरच रक्त असते. स्वच्छ फडका जखमेवर सलग ५ मिनिटे दाबून धरावा. मधेच उचलून पाहिले की धरत आलेली गुठळी निघून येते.

रक्त थांबल्यावर बदकाला टॉवेल अंथरलेल्या खोक्यात, अंधाऱ्या आणि शांत जागी ठेवतात. खोक्यात २८ ते ३० अंश सेल्सिअस ऊब असावी. दिवा एकाच बाजूला लावावा, म्हणजे उकडले तर त्याला सरकता येते. पक्ष्यांना सस्तन प्राण्यांसारखे श्वासपटल नसते, छातीचे हाड हलवूनच ते श्वास घेतात. त्यामुळे घाबरलेल्या बदकाला छातीशी घट्ट आवळणे म्हणजे त्याचा श्वास कोंडणे. पंख मिटवून, पोटाखाली हात घालून उचलावे. कोंबडीसारखे पाय धरून उलटे तर कधीच नाही. बदकाचे पाय फार नाजूक असतात. जलसंजीवनी वाटीत ठेवावी, चोचीत ओतू नये. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते आणि ओतलेले पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकते.

बदक सावरल्यावर, तासाभराने, ओल्या बोटांनी पिसे उलट दिशेला सारत मान, पाठ, शेपटीचे मूळ आणि पंखांच्या खालची बाजू पाहावी. मांजराच्या सुळ्याचे छिद्र सुईएवढे असते व लगेच मिटते. आत मात्र पाश्चुरेला मल्टोसिडा हा जिवाणू राहू शकतो. पक्ष्यांना होणारा कॉलरा याच जिवाणूचा. म्हणून मांजराने पकडलेल्या बदकाला, ओरखडा दिसला नाही तरी, त्याच दिवशी पशुवैद्याकडून प्रतिजैविक द्यावे. कातडी फुगून बोटाखाली चरचरत असेल तर वायुकोश, म्हणजे फुप्फुसाला जोडलेली हवेची पातळ पिशवी, फाटलेला असण्याची शक्यता असते. तेही काम पशुवैद्याचेच.

जखमेभोवतीची पिसे कातरावीत, उपटू नयेत. पातळ कातडी फाटते. १ लिटर पाणी उकळून कोमट करावे, त्यात ९ ग्रॅम मीठ घालून सिरिंजने जखम धुवावी. शेवटी पोव्हिडोन आयोडीन फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाइतके पातळ करून लावावे. एका ठिकाणी हे धुणेच घातक ठरते: पंखाचे खांद्याजवळचे हाड मोडून जखम उघडी असेल तेव्हा. हे हाड पोकळ असून वायुकोशाला जोडलेले असते. तिथे पाण्याची धार मारली तर पाणी श्वसनमार्गात शिरते. तेव्हा फक्त ओलसर गॉज ठेवून दवाखाना गाठावा. हळद आणि राख यांचा जखमेत थर बसतो व पू खाली कोंडतो. तेलकट मलमाने पिसांची पाणी न धरण्याची शक्ती जाते.

उन्हाळ्या-पावसाळ्यात खरी धास्ती माश्यांची. त्यांची पांढरी अंडी झुबक्याने चिकटतात आणि दिवसभरात अळ्या होतात. दिवसातून दोनदा जखम व शेपटीखालचा भाग पाहावा, अळ्या चिमट्याने काढाव्यात. गुरांच्या जखमेत ओततात ते टर्पेंटाइन बदकाला वापरू नये. वेदनाशामकाचा डोस पशुवैद्याने वजनावर ठरवायचा. गावच्या दवाखान्यात बहुधा गुरेच येत असल्याने तिथे लहान काटा नसू शकतो, म्हणून बदक तोलूनच न्यावे. घरातले डायक्लोफिनॅक देऊ नये. ते दिलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडे मरू लागल्याने भारतात २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली.

एकटे ठेवलेले बदक खाणे सोडते, म्हणून जाळीपलीकडे सोबती दिसू द्यावेत. कळपात लगेच सोडले तर नर मादीच्या पाठीवर चढून मानेची जखम पुन्हा फाडतात. जखम भरेपर्यंत पोहणे बंद. पाण्याचे भांडे मात्र नाकपुड्या बुडतील इतके खोल हवे. कुबट पेंढा अंथरू नये, बुरशीने फुप्फुसे बिघडतात. बुरशी लागलेली शेंगदाणा पेंडही टाळावी, कारण अफलाटॉक्सिन बदकांना फार लवकर बाधते. रोज वजन करावे. वजन दहावा हिस्सा घटले किंवा विष्ठा पातळ व गडद हिरवी झाली, तर बदक पुरेसे खात नाही असे समजावे. अंडी काही आठवडे बंद राहू शकतात; औषध चालू असताना आलेली अंडी खाऊ नयेत.

मुळासकट निघालेली पिसे काही आठवड्यांत येतात, कातरलेली मात्र पुढच्या पीसगळीपर्यंत नाहीत. म्हणून पहिले पोहणे उथळ पाण्यात, ५ मिनिटांचे. अंग भिजून जड झाले तर बाहेर काढून पुसावे आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा सोडून पाहावे.