पंपाची तोटी धरणारा विषाणू

‘सुपरबगला शोधून मारणारा विषाणू’ अशा मथळ्यांत अर्धंच सत्य असतं. सुपरबग म्हणजे औषधांना दाद न देणारा जिवाणू. फेज, म्हणजे जिवाणूंवर जगणारे विषाणू, काहीही शोधत नाहीत. त्यांना पोहतासुद्धा येत नाही. पाण्याच्या रेणूंचे धक्के खात ते भरकटतात आणि एखाद्या जिवाणूवर आदळलेच, तर शेपटीचे तंतू त्याचं अंग चाचपतात. ओळखीचं प्रथिन किंवा साखरेची साखळी हाताला लागली, तर पकड बसते. ई. कोलायवर जगणाऱ्या टी-४ फेजला असे सहा लांब तंतू असतात. एखादाच तंतू टेकला तर तो सुटूही शकतो. पुरेसे टेकले की मात्र शेपटी आकसते, आतली नळी आवरण भेदते आणि डीएनए आत उतरतो. पुढच्या साधारण अर्ध्या तासात जिवाणू फुटून शंभरावर नवे फेज बाहेर पडतात.

या सगळ्यात जिवाणू औषधांना दाद देतो की नाही, हा प्रश्न कुठेच येत नाही. फेजला फक्त पृष्ठभाग कळतो.

पण पृष्ठभागावरची ती खूणच औषधरोधाचं हत्यार असेल तर?

स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू आत शिरलेलं प्रतिजैविक चक्क उपसून बाहेर फेकतो. होडीत शिरलेलं पाणी उपसावं तसं. त्याच्या या पंपाची बाहेर उघडणारी तोटी म्हणजे ओपीआरएम हे प्रथिन. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या बेंजामिन चॅन, पॉल टर्नर आणि सहकाऱ्यांना कनेक्टिकटमधल्या डॉज पाँड या तळ्यात एक फेज सापडला, ओएमकेओ-१. तो याच तोटीला धरतो, असं त्यांनी 2016 मध्ये मांडलं. आता जिवाणूची गत इकडे आड, तिकडे विहीर! तोटी ठेवली तर फेज मारणार. ती बदलून फेजला चुकवलं, तर पंप लंगडा पडणार आणि एरवी निकामी ठरलेलं औषध पुन्हा लागू पडणार. मला यातली खरी गंमत ही वाटते की फेजपासून वाचलेले जिवाणूही इथे आपल्याच उपयोगी पडतात.

त्याच वर्षी हा फेज सत्तरी ओलांडलेल्या एका रुग्णाला दिला गेला. त्याच्या महाधमनीला बसवलेल्या कृत्रिम नळीवर स्यूडोमोनासने ठाण मांडलं होतं आणि संसर्ग काही केल्या हटत नव्हता. छातीत फेजचा एकच डोस आणि जोडीला सेफ्टाझिडिम हे प्रतिजैविक. संसर्ग गेला. अर्थात दोन्ही एकत्र दिल्यावर श्रेय कुणाला किती, हे एका रुग्णावरून ठरत नाही.

शिवाय जिवाणू दर वेळी असा कोंडीत सापडत नाही. ई. कोलायच्या पंपाची तोटी धरणारा यू-१३६बी हा फेज आवरणातल्या साखरेच्या साखळ्यांचाही आधार घेतो. 2020 मध्ये टर्नर यांच्याच गटाने दाखवलं की त्याच्यापासून बचावलेल्या काही जिवाणूंनी तोटीला हातच लावला नव्हता. त्यांनी बदलल्या होत्या त्या साखळ्या, आणि पंप शाबूत राहिला.