चाचणी एकच, निकाल दोन: धाराशिव आणि मुंबई

दुधात लिंबू पिळलं की दूध फाटतं, कारण त्यातली प्रथिनं साकळतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची सगळ्यांत स्वस्त तपासणी जवळपास याच गुणावर उभी आहे. लिंबाच्या जागी ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, आणि दुधाच्या जागी गर्भाशयमुखावरच्या पेशी. बिघडू लागलेल्या पेशींचं केंद्रक मोठं होतं, त्यात प्रथिनं जास्त असतात. आम्ल लागलं की ती साकळतात, उजेड आत न शिरता परत फिरतो आणि तेवढाच भाग पांढरा दिसतो. फाटलेलं दूध काही पूर्ववत होत नाही. हा पांढरेपणा मात्र काही मिनिटांत ओसरतो.

ॲसेटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याच्या या तपासणीला व्हीआयए म्हणतात. तिची दोन मोठी परीक्षणं महाराष्ट्रात झाली. एक तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांत, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय केंद्र धरून. दुसरं मुंबईच्या झोपडपट्ट्यांत, टाटा मेमोरियलचं. चाचणी तीच, पण मुंबईत तिच्यामुळे मृत्यू कमी झाले आणि उस्मानाबादेत झाले नाहीत. हा फरक नीट कळला की आज आपल्या घरातल्या बाईने कोणती तपासणी करून घ्यावी, तेही कळतं.

आधी तपासणी जवळून पाहू. ५ टक्क्यांचं द्रावण करायला ५ मिली ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड ९५ मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये घालतात. इथली चूक महागात पडते: पातळ करायचं राहून गेलं तर तीव्र आम्लाने आतली नाजूक त्वचा भाजते. म्हणून द्रावण रोज ताजं करायचं आणि बाटलीवर नाव-तारीख घालायची. स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्ग उघडा धरणारं उपकरण, बसवून, चांगला प्रखर दिवा धरून, आधी स्राव हलक्या हाताने पुसायचा. मग द्रावणात भिजवलेला कापसाचा बोळा गर्भाशयमुखावर टेकवायचा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट थांबायचं. शिबिरात बाहेर रांग असली की हे मिनिट हमखास आखडतं, आणि मग डाग उमटायच्या आतच ‘निगेटिव्ह’ लिहिलं जातं.

पांढरं दिसलं म्हणजे पॉझिटिव्ह, असंही नाही. डाग दाट, चुन्यासारखा पांढरा, ठळक कडांचा हवा. शिवाय तो गर्भाशयमुखाच्या बाहेरच्या चपट्या पेशी आणि आतल्या उभट पेशी जिथे भेटतात त्या सीमेला लागून हवा. हा कॅन्सर बहुतेक वेळा त्या सीमेवरच सुरू होतो. फिकट, विखुरलेले, सीमेपासून लांब असलेले ठिपके बहुधा सुजेचे किंवा पेशींच्या नेहमीच्या घडामोडींचे असतात. पाळी गेल्यावर ही सीमा आत सरकते आणि डोळ्यांना दिसतच नाही, त्यामुळे पन्नाशीनंतर व्हीआयएवर फारसं विसंबता येत नाही. थोडक्यात, सामान स्वस्त आहे, पण खरं उपकरण तपासणाऱ्या व्यक्तीची नजर हेच आहे.

आता ती दोन परीक्षणं. उस्मानाबादचं काम १९९९ मध्ये सुरू झालं. टाटा मेमोरियल, बार्शीचं रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचं ते संयुक्त काम. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ समूह, चिठ्ठ्या टाकाव्या तशी चार गटांत विभागणी. पहिल्या गटाला एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर ज्यामुळे होतो त्या विषाणूची, डीएनए चाचणी, दुसऱ्याला पॅप स्मिअर (गर्भाशयमुखावरच्या पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं), तिसऱ्याला व्हीआयए, चौथ्याला फक्त नेहमीची आरोग्यसेवा. प्रत्येक चाचणी आयुष्यात एकदाच. पुढे आठ वर्षं पाठपुरावा झाला आणि २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले.

तपासणी नसलेल्या गटात या कॅन्सरने ६४ स्त्रिया दगावल्या. पॅपच्या गटात ५४, व्हीआयएच्या गटात ५६. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, इतका लहान. एचपीव्ही गटात ३४. दुसऱ्या टप्प्याच्या किंवा त्यापुढच्या कॅन्सरचंही तसंच: तपासणी नसलेल्या गटात ८२, व्हीआयए गटात ८६, एचपीव्ही गटात ३९. चारही गट साधारण ३१ ते ३४ हजारांचे होते, म्हणून हे आकडे शेजारी ठेवून वाचता येतात. चौथ्या गटाला तपासणी न देण्यावर पुढे जगभरातून नैतिक आक्षेप घेतले गेले. ते गंभीर होते, आणि हे आकडे वापरताना ते विसरू नयेत.

मुंबईत काम वेगळ्या पद्धतीने झालं. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया, २० वस्त्या-समूह, त्यातल्या निम्म्यांना व्हीआयए. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. निदान दहावी शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य सेविका होत्या. आणि मुख्य म्हणजे चाचणी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा झाली. मृत्यूंचं प्रमाण वर्षाला लाखामागे तपासणी नसलेल्या गटात १६.२ आणि व्हीआयएच्या गटात ११.१ राहिलं, म्हणजे ३१ टक्के कमी. कॅन्सर होण्याचं प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखंच राहिलं. ही गोष्ट कौतुकाच्या बातम्यांत बहुतेकदा गाळली जाते. मुंबईतल्या व्हीआयएने कॅन्सर टाळला असं म्हणता येत नाही. तो लवकर सापडला, उपचार पूर्ण झाले आणि बायका वाचल्या. हेही थोडं नाही, पण हे दोन फायदे वेगळे आहेत.

नजरेची चाचणी एका फेरीत जे चुकवते ते दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत सापडू शकतं. म्हणूनच मुंबईत फेऱ्यांचा उपयोग झाला, असं मानायला जागा आहे. उस्मानाबादेत दुसरी संधीच नव्हती. मग तिथे एकाच फेरीत एचपीव्ही चाचणी का जिंकली? पहिल्या तपासणीत तिन्ही चाचण्यांनी पकडलेले कॅन्सरपूर्व बिघाड संख्येने फारसे वेगळे नव्हते. उत्तर दडलं होतं निगेटिव्ह आलेल्या स्त्रियांत. व्हीआयए किंवा पॅप निगेटिव्ह आलेल्यांत पुढे कॅन्सरचं प्रमाण वर्षाला लाखामागे सुमारे १६ निघालं, तर एचपीव्ही निगेटिव्ह आलेल्यांत ३.७. व्हीआयए आणि पॅप आज काय दिसतं ते सांगतात; एचपीव्ही चाचणी पुढच्या अनेक वर्षांबद्दल सांगते.

कारण हा कॅन्सर विषाणूशिवाय जवळजवळ होतच नाही. जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या चमूने १९८३-८४ मध्ये एचपीव्ही १६ आणि १८ हे प्रकार शोधले. त्यासाठी त्यांना २००८ चं नोबेल मिळालं. जगातले सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाचे कॅन्सर या दोन प्रकारांमुळे होतात. विषाणूची ई-६ आणि ई-७ ही दोन प्रथिनं पेशीचे पी-५३ आणि आरबी हे दोन रखवालदार निकामी करतात, आणि पेशीच्या विभाजनाला धरबंध राहत नाही. लागण झालेल्या बहुतेक स्त्रियांचं शरीर एक-दोन वर्षांत विषाणू घालवतं. ज्यांच्यात तो ठाण मांडतो त्यांच्यातही कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खालावली असेल तर याहून कमी. म्हणून जागतिक आरोग्य संघटना तिशीपासून दर ५ ते १० वर्षांनी एचपीव्ही चाचणी पुरेशी मानते, आणि एचआयव्ही असलेल्या स्त्रियांना पंचविशीपासून दर ३ ते ५ वर्षांनी करायला सांगते.

आपल्या सरकारी कार्यक्रमाची सुरुवात व्हीआयएवर झाली, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत तर गर्भाशयमुखाची कोणतीही तपासणी कधी झालेल्या स्त्रिया देशात २ टक्क्यांहूनही कमी निघाल्या. तेव्हा गावात आज व्हीआयए होत असेल तर ती नाकारू नये. फक्त ती एकदा करून विषय संपला असं समजू नये. एचपीव्ही चाचणी मिळत असेल तर ती आधी निवडावी. गोव्याच्या मोलबायोची ट्रूनॅट आणि पुण्याच्या मायलॅबची पॅथोडिटेक्ट या देशी चाचण्या आल्यामुळे ती मोठ्या शहराबाहेर नेणं शक्य होत आहे.

शिवाय एचपीव्ही चाचणीचा नमुना बाई स्वतः घेऊ शकते. मऊ ब्रश योनीत आत सरकवायचा, सूचनेप्रमाणे काही वेळा फिरवायचा, नळीत घालून झाकण लावायचं. टेबलावर झोपायला नको, स्पेक्युलम नको. पाळी चालू असताना घेऊ नये, आणि आधीचे दोन दिवस योनीत मलम किंवा गोळी वापरू नये.

पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. उस्मानाबादेत एचपीव्ही चाचणी १०.३ टक्के स्त्रियांची पॉझिटिव्ह होती. त्यांतल्या फार थोड्यांना पुढे आजार झाला. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरत असला तरी नवऱ्यावर किंवा बायकोवर संशय घ्यायचंही कारण नाही; विषाणू कित्येक वर्षं गप्प राहून नंतर चाचणीत दिसू शकतो. पुढची पायरी म्हणजे कोल्पोस्कोपीने (भिंगाच्या यंत्रातून गर्भाशयमुख पाहून) किंवा व्हीआयएने डाग शोधणं. डाग पूर्ण दिसत असेल, आतल्या नळीत शिरत नसेल आणि कॅन्सरची शंका नसेल, तर थर्मल ॲब्लेशन होतं: सुमारे १०० अंशांपर्यंत तापलेलं टोक २० ते ३० सेकंद डागावर टेकवतात. भूल बहुतेक लागत नाही, त्याच भेटीत काम होतं. नंतर काही आठवडे पाण्यासारखा स्राव जातो आणि महिनाभर संबंध टाळायचे. डाग आत गेला असेल तर तारेच्या फासाने तेवढाच भाग कापतात.

पिशवी काढण्याची गरज यात कुठेच नाही. मराठवाड्यात हे ठासून सांगावं लागतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, तेव्हा अंगावरून पांढरं जातं म्हणून आलेल्या बायकांना कॅन्सरची भीती घालून पिशवी काढली गेल्याच्या तक्रारी होत्या. पांढरं जाणं बहुतेकदा साध्या जंतुसंसर्गाचं असतं. व्हीआयए पॉझिटिव्ह आली तरी ‘पिशवी काढा’ म्हणणाऱ्याला आधी बायोप्सीचा, म्हणजे तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट मागावा.

एचपीव्हीची लस घेतलेल्या मुलींनाही तिशीनंतर तपासणी लागेलच, कारण सिरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक या लशीमध्ये कॅन्सर करणारे १६ आणि १८ हेच दोन प्रकार येतात. बाकी दोन प्रकार चामखीळ करणारे आहेत.

उपचारानंतर वर्षभराने चाचणी पुन्हा करायची. आणि संबंधानंतर रक्त जात असेल, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं असेल, किंवा दुर्गंधीचा रक्तमिश्रित स्राव असेल, तर अशा बाईला शिबिराच्या रांगेत बसवू नये. तिला थेट स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्यावं, स्पेक्युलम लावून पाहणी व्हावी आणि संशय आला तर चाचणी निगेटिव्ह असली तरीही तुकडा तपासायला पाठवावा.