टिचबटणाच्या मशीनला खोबरेल नको

लालबागच्या आमच्या खोलीत खिडकीपाशी टिचबटणं मारायचं हातमशीन आहे. ओतीव लोखंडाचा सांगाडा, वर हँडल, पितळी बुशातून, म्हणजे आतल्या नळीतून, खालीवर होणारा दट्ट्या. आई बाळांच्या झबल्यांचं काम घरी आणते. पावसाच्या तोंडावर हँडल अडखळायला लागलं, तसे तिने खोबरेलाचे दोन थेंब सोडले. चार दिवस मशीन छान चाललं, मग पहिल्यापेक्षा जास्त आवळलं.

मी हँडलची खिळ काढून दट्ट्या बाहेर ओढला. त्याच्या अंगाला काजळासारखी काळी पेस्ट होती, बुशाच्या कडेला हिरवट रेघ, आणि वास खवट. खोबरेल खवट होतं म्हणजे त्यातून स्निग्धाम्लं सुटतात. दमट हवेत ती लवकर सुटतात. ही आम्लं पितळेतल्या तांब्याला धरतात. पितळी भांड्यात ताक कळकतं ना, त्याच जातीचा हा प्रकार. थंडीत वेगळीच अडचण: २४ अंशांच्या आसपास खोबरेल थिजायलाच लागतं. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल तर त्याहून वाईट. त्यांचे रेणू हवेतला ऑक्सिजन घेऊन एकमेकांत गुंततात आणि शेगडीमागच्या फरशीवर बसतो तसा चिकट थर धरतो. शिलाई मशीनचं पातळ खनिज तेल यातलं काही करत नाही, म्हणून तेच घालावं.

पण काळ्या पेस्टवर चांगलं तेल घातलं तरी उपयोग नाही. तिच्यात गंजाची भुकटी असते. सराफ सोन्याला झिलई देताना वापरतात ती लाल पूडही लोहाचं ऑक्साइडच! तेलात कालवलेली ही पूड प्रत्येक दाबाला दट्ट्या आणि बूश घासत राहते. म्हणून आधी खिडकी उघडून, गॅसपासून लांब, रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी आणि दात घासायचा जुना ब्रश. चिंधी स्वच्छ निघेपर्यंत पुसायचं, कोरडं करायचं, आणि मग खिळीला एक थेंब, दट्ट्याला एक.

मुंबईत गंज इतका लवकर का चढतो? समुद्राच्या वाऱ्याने मीठ येऊन लोखंडावर बसतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की ते पाणी ओढून विरघळतं, आणि पावसाळ्यात ती इथे सहसा ८०च्या वरच असते. समुद्री मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांनाच ओलं होतं. म्हणजे पावसाचा थेंब न लागताही लोखंडावर खारट पाण्याचा पापुद्रा तयार. बोटांच्या घामातही मीठ असतंच. रात्री काम संपलं की आई आता हँडल आणि डाय (बटण दाबणारा साचा) पुसूनच उठते.

तेल घातल्यावर डाय मात्र कोरडी ठेवावी लागते, नाहीतर झबल्यावर डाग पडतो. आई पहिली दहा बटणं चिंधीवर मारते, चिंधी उजेडात धरून बघते, आणि मगच गठ्ठा सोडते.