वेबसाइटचे शब्द, कामापुरते

वेबसाइट करायची म्हटले की भाव एकाच वस्तूचा विचारला जातो, पण घ्याव्या लागतात चार. डोमेन म्हणजे साइटचे इंटरनेटवरचे नाव. होस्टिंग म्हणजे फायली ठेवण्याची जागा. साइट म्हणजे त्या जागेवर ठेवलेली पाने. आणि चौथा त्या नावावरचा ईमेल. या चारही गोष्टी चार वेगळ्या कंपन्यांकडून घेता येतात, चौघींची मुदत वेगळ्या तारखांना संपू शकते, आणि एक बंद पडली तरी बाकीच्या तीन धडधाकट असू शकतात. म्हणून कोटेशन घेताना, ते आमचे असो वा दुसऱ्या कोणाचे, या चार ओळी वेगळ्या लिहून मागा. ‘वेबसाइट, सर्व खर्चासहित’ अशी एकच ओळ असेल, तर दुसऱ्या वर्षी कशाचे किती भरायचे ते कळत नाही.

डोमेन: नोंद कोणाच्या नावावर?

डोमेन कायमचे विकत मिळत नाही, मुदतीपुरते नोंदवून मिळते. कमीत कमी एक वर्ष, जास्तीत जास्त दहा. नोंदणी करून देणारी कंपनी म्हणजे रजिस्ट्रार. डॉट इन या नावांचे मूळ दप्तर निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, सांभाळते. देवनागरीतले डॉट भारतही तिच्याच अखत्यारीत येते. डॉट भारत घ्यावे का, असे बरेच जण विचारतात. जरूर घ्यावे, पण जोडीला. अनेक फॉर्म आणि अ‍ॅप अजून देवनागरी ईमेल पत्ता स्वीकारत नाहीत, आणि काही ठिकाणी ते नाव ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या, वाचता न येणाऱ्या रोमन रूपात दिसते. मुख्य नाव रोमन ठेवून डॉट भारत त्याच्याकडे वळवले की काम भागते.

नोंदणीत मालक म्हणून धंद्याच्या मालकाचेच नाव, मोबाइल आणि ईमेल हवा. डिझायनरचा नको, भाच्याचा नको, आमचाही नको. डोमेनचा सातबारा म्हणजे ही नोंद. वाद झाला तर रजिस्ट्रार तीच पाहतो. तिथे दिलेला ईमेल मात्र त्याच डोमेनवरचा नसावा. मुदत संपली की त्या पत्त्याची डाकही थांबते आणि नूतनीकरणाची सूचना तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही. साधा जीमेलचा पत्ता द्या. डॉट कॉमसारखे नाव नवीन घेतल्यावर त्या पत्त्यावर खातरजमेची एक मेल येते. १५ दिवसांत त्यातल्या दुव्यावर टिचकी मारली नाही तर नाव स्थगित होऊ शकते. ‘पैसे भरले तरी साइट बंद’ या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा हीच मेल असते, स्पॅममध्ये पडलेली.

मुदत चुकली तर लगेच नाव जात नाही. डॉट कॉमच्या बाबतीत बहुतेक रजिस्ट्रार काही आठवडे नेहमीच्या दरात नूतनीकरण करू देतात, पण साइट आणि ईमेल त्या काळात सहसा बंदच असतात. त्यानंतर ३० दिवसांचा रिडेम्प्शन काळ असतो. तेव्हा नाव परत मिळते, पण दर कित्येक पट. त्यानंतर ५ दिवस कोणालाच काही करता येत नाही, आणि मग ते नाव जगाला मोकळे. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे जायचे असेल तर लॉक काढून ट्रान्सफर कोड मागायचा. नव्या नोंदणीनंतर पहिले ६० दिवस सहसा हलता येत नाही.

नूतनीकरणाच्या नावाखाली येणारी परक्या कंपन्यांची ‘अंतिम सूचना’ भरू नका. तुमचा रजिस्ट्रार कोण हे एका कागदावर लिहून गल्ल्यात ठेवा. सूचनेवर तेच नाव नसेल तर कागद रद्दीत.

डीएनएस: पाट्या कोणत्या दिशेला?

संगणकाला नाव कळत नाही, आकडे कळतात. नावावरून आकड्यांचा पत्ता शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस, आणि तुमच्या डोमेनच्या नोंदी ज्या सर्व्हरवर असतात तो नेमसर्व्हर. नोंदींचे मोजके प्रकार कामाचे आहेत. ए रेकॉर्ड साइट कुठे आहे ते सांगतो. एमएक्स रेकॉर्ड डाक कुठे द्यायची ते सांगतो. सीनेम एका नावाला दुसऱ्या नावाकडे पाठवतो. टीएक्सटीमध्ये पुराव्याचा मजकूर असतो.

होस्टिंग बदलताना नेमसर्व्हर बदलला जातो आणि नव्या जागी एमएक्स नोंद घालायची राहते. साइट छान उघडते, सगळे खूश होतात, आणि दोन दिवसांनी लक्षात येते की एकही मेल आलेली नाही. त्यामुळे बदलाआधी जुन्या सगळ्या नोंदींचा स्क्रीनशॉट घ्यायचाच.

दुसरा शब्द टीटीएल. नोंद किती सेकंद लक्षात ठेवायची, हे त्यात लिहिलेले असते: ३६०० म्हणजे एक तास, ८६४०० म्हणजे पूर्ण दिवस. पत्ता बदलला तरी ज्यांनी जुना लक्षात ठेवलाय त्यांना तेवढा वेळ जुनीच साइट दिसते. तुमच्या फोनवर नवी आणि पुण्याच्या व्याह्यांकडे जुनी, असे दिसले तर कोणी खोटे बोलत नाहीये. साइट हलवायच्या आदल्या दिवशी टीटीएल ३०० वर आणली की हा घोळ पाच-दहा मिनिटांत मिटतो. नेमसर्व्हरच बदलला असेल तर मात्र एक-दोन दिवस धरून चाला.

डोमेनवरच्या ईमेलसाठी एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी टीएक्सटीत घालाव्या लागतात. तुमच्या नावाने कोणाला मेल पाठवायची मुभा आहे, ते यावरून समोरच्याला कळते. त्या नसतील तर बिले ग्राहकाच्या स्पॅममध्ये जातात. एसपीएफची नोंद एका डोमेनला एकच असावी. नवी सेवा घेताना तिने दिलेली दुसरी ओळ तशीच खाली चिकटवली तर दोन्ही निकामी ठरतात. त्या एकाच ओळीत जोडायच्या.

होस्टिंग आणि एसएसएल

दुकान, दवाखाना, क्लास यांच्या माहितीवजा साइटला शेअर्ड होस्टिंग पुरते. एकाच सर्व्हरवर शेकडो साइट असतात आणि म्हणून ते स्वस्त असते. ‘अनलिमिटेड’ या शब्दावर जाऊ नका. जागेला मर्यादा नसली तरी फायलींच्या संख्येला असते, तिला आयनोड म्हणतात, आणि तासाला किती मेल पाठवायच्या यालाही असते. विचारायचे ते एवढेच: बॅकअप रोज होतो का, किती दिवसांचा ठेवता, आणि परत मिळवायचे पैसे लागतात का?

एसएसएल सर्टिफिकेटमुळे पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस येते आणि मधल्या वाटेवर कोणी माहिती वाचू शकत नाही. ते नसलेल्या साइटला क्रोम २०१८ पासून ‘सुरक्षित नाही’ असा शेरा मारतो. लेट्स एन्क्रिप्टचे सर्टिफिकेट मोफत असते, ९० दिवस चालते आणि आपोआप नवे होते. डोमेन दुसरीकडे वळवले गेले तर हे आपोआप होणे थांबते, आणि एका सकाळी लाल इशारा दिसतो. सर्टिफिकेट असले म्हणजे साइट प्रामाणिक, असे मात्र नाही. फसवणाऱ्यांकडेही ते असते.

मराठी मजकूर: इथे सगळ्यात जास्त वेळ जातो

पत्रिका, हँडबिल करणाऱ्या डीटीपीवाल्याकडून आलेली फाइल बहुधा जुन्या फॉन्टमधली असते. अशा फॉन्टमध्ये आतला मजकूर रोमन अक्षरे आणि चिन्हेच असतो, त्यांना फक्त मराठी आकार चढवलेले असतात. फॉन्ट काढला की अर्थ गेला. छपाईला हे चालते. साइटवर गूगलला त्यात एकही मराठी शब्द सापडत नाही आणि अंधांसाठीचे वाचक-सॉफ्टवेअर भलतेच काही वाचते. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे फॉन्ट कुठलाही लावा, मजकूर मराठीच राहतो. तुमच्याकडची फाइल कुठल्या प्रकारची हे ओळखायला एक ओळ व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवून पाहा. मराठी दिसली तर युनिकोड.

जुन्या फॉन्टमधून युनिकोड करणारे कन्व्हर्टर मिळतात, पण त्यानंतर वाचन चुकवू नका. रफार सरकतो (कार्य, सर्व), ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला ऱ बिघडतो, र्‍हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. पीडीएफमधून कॉपी केलेल्या मजकुरातही वेलांट्यांची हीच गत होते. आणखी एक बारीक गोष्ट: ‘ॲ’ दोन प्रकारे टाइप होतो, एकच अक्षर म्हणून किंवा अ वर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला वेगळे. मालाच्या यादीत दोन्ही मिसळले तर साइटवरच्या शोधात निम्मा माल सापडत नाही.

पानावर मराठीऐवजी भलतेच दिसत असेल तर ते नीट निरखा, कारण तिथेच कळते. कंस, टिंबे आणि रोमन अक्षरांची खिचडी असेल तर जुना फॉन्ट. चौकोनी डबे दिसत असतील तर मजकूर ठीक आहे, त्या यंत्रावर देवनागरी फॉन्ट नाही. डोक्यावर टोप्या-रेघा असलेली तीच तीच रोमन अक्षरे दिसली तर मजकूर शाबूत आहे, पान यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, आहे हे ब्राउझरला सांगायचे राहिले आहे. दुरुस्ती एका ओळीची. आणि नुसती प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर वाईट बातमी. डेटाबेस, म्हणजे साइटचा मजकूर जिथे साठतो ती जागा, मराठी साठवायला तयार केलेला नव्हता आणि साठवतानाच अक्षरे गेली. ती बॅकअपमधून किंवा मूळ कागदावरूनच परत येतात. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या सॉफ्टवेअरमध्ये डेटाबेस पहिल्यापासून यूटीएफ-८-एमबी-४ ठेवावा, तो याच कारणासाठी.

साइटवरून एसएमएस पाठवणार असाल तर हेही धरा: रोमन एसएमएसमध्ये १६० अक्षरे बसतात, मराठीत ७०. मात्रा, वेलांटी आणि हलन्त वेगळे मोजले जातात. ‘महाराष्ट्र’ या एका शब्दाला त्यातली १० लागतात.

फोटो आणि लोगो

फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा आणि तीन-चार एमबीचा असतो. साइटच्या रुंद चित्राला १६०० पिक्सेल पुरतात, आणि वेबपी प्रकारात तेच चित्र २०० केबीच्या आसपास बसते. मूळ फोटो तसेच चढवले तर दहा फोटोंचे पान ४० एमबीपर्यंत जाते; एसटी स्टँडवर उभा असलेला ग्राहक ते उघडेपर्यंत थांबत नाही. बारीक करण्याचे काम आमच्यावर सोडा, तुम्ही मूळ फोटो द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा, नाहीतर तो आधीच आवळला जातो आणि पुन्हा मोठा होत नाही. ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, हा छपाईचा हिशेब आहे, पडद्यावर फक्त पिक्सेल मोजतात.

लोगोसाठी फ्लेक्सवाल्याकडून मूळ सीडीआर (कोरलड्रॉची) फाइल मागून घ्या, व्हिजिटिंग कार्डाचा फोटो चालत नाही. तिच्यातून एसव्हीजी काढता येते, जी कितीही मोठी केली तरी फाटत नाही. छपाईचे रंग सीएमवायके आणि पडद्याचे आरजीबी, त्यामुळे पाटीवरचा केशरी साइटवर थोडा वेगळा दिसणारच.

फायलींची नावे रोमन, छोट्या लिपीत आणि मोकळी जागा न सोडता द्या. विंडोजला कॅपिटल आणि स्मॉल अक्षर सारखेच, बहुतेक होस्टिंग मात्र लिनक्सवर चालते आणि तिथे ती दोन वेगळी नावे ठरतात. संगणकावर दिसणारे चित्र साइटवर गायब होते ते यामुळे.

वर्डप्रेस, गूगल आणि इतर

एचटीएमएल पानाचा सांगाडा, सीएसएस त्याचे रूप, जावास्क्रिप्ट त्याची हालचाल. हे तुम्हाला लिहावे लागत नाही, कारण वर्डप्रेससारख्या सीएमएसमध्ये, म्हणजे साइटचा मजकूर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, पान बदलणे पत्र टाइप करण्याइतपत सोपे असते. त्याला जोडलेले सुटे भाग म्हणजे प्लगइन. ते अद्ययावत ठेवले नाहीत तर साइटमध्ये शिरायला वाट मिळते. पैसे देऊन घ्यायचे थीम, म्हणजे साइटच्या रूपाचे तयार साचे, ‘फुकट’ देणाऱ्या ठिकाणांवरून तर काहीच घेऊ नका. त्यात चोरदरवाजा बसवलेला असतो.

रिस्पॉन्सिव्ह म्हणजे पडद्याच्या रुंदीप्रमाणे स्वतःला जुळवणारी साइट. पसंती देताना ती आधी फोनवर बघा, तुमचे बहुतेक ग्राहक तिथेच बघणार.

एसईओ, म्हणजे गूगलच्या शोधात साइट वर यावी म्हणून केलेली कामे, याबद्दल थोडक्यात: ‘गूगलवर पहिला नंबर, गॅरंटी’ असे कोणीही देऊ शकत नाही. आपल्या हातात एवढेच की प्रत्येक पानाला वेगळे शीर्षक, चित्रांना वर्णन, पत्ता आणि वेळ अचूक. साइट महिनोन्‌महिने गूगलवर येत नसेल तर वर्डप्रेसच्या ‘रीडिंग’ सेटिंगमध्ये सर्च इंजिनांना परावृत्त करण्याची खूण राहिलेली नाही ना, ते आधी बघा. काम चालू असताना ती लावतात आणि काढायची विसरतात. नकाशावर दिसणारी दुकानाची नोंद वेगळी असते. ती गूगल बिझनेस प्रोफाइल, मोफत, आणि तीही मालकाच्याच खात्यावर हवी.

साइट चालत नाही, असे वाटले तर

बदल केला पण जुनेच दिसते, हे बहुधा कॅशेमुळे. ब्राउझरने पान साठवून ठेवलेले असते. संगणकावर कंट्रोल आणि एफ५ एकत्र दाबा, फोनवर खासगी टॅबमध्ये उघडा. ‘सर्व्हर सापडला नाही’ असे आले तर डोमेन किंवा डीएनएस. ४०४ म्हणजे साइट चालू आहे, ते पान नाही. ४०३ म्हणजे परवानगी अडली. ५०० म्हणजे साइटच्या आतले काहीतरी मोडले, बहुतेकदा नुकतेच अपडेट केलेले प्लगइन. ५०३ म्हणजे सर्व्हरवर ताण किंवा दुरुस्ती चालू.

वायफाय बंद करून मोबाइल डेटावर एकदा उघडून बघा. तरीही अडले तर पत्त्याची पट्टी दिसेल असा पूर्ण पडद्याचा स्क्रीनशॉट, वेळ आणि शेवटचा बदल काय केला होता, हे तिन्ही एकाच संदेशात पाठवा. पासवर्ड मात्र संदेशात लिहू नका, तो फोनवर सांगा आणि काम झाल्यावर बदलून टाका.