ऑईल काळं पडलं म्हणजे बिघडलं?

गॅरेजमध्ये गाडी लावली की मेकॅनिक बॉनेट उघडतो, डिपस्टिक ओढतो, टोकाचं ऑईल अंगठा आणि तर्जनीत चोळतो आणि निकाल देतो: "साहेब, पार काळं झालंय. पातळ पण पडलंय. बदलून टाकू." हे इतक्या ठामपणे येतं की 'अहो, दोन महिन्यांपूर्वीच बदललंय' म्हणायची सोय उरत नाही.

निकालाचा दुसरा भाग आधी घेऊ, कारण तो लगेच निकालात निघतो. तापमान वाढलं की ऑईलचा दाटपणा झपाट्याने घटतो. ४० अंशांना असलेला दाटपणा १०० अंशांवर साधारण सहाव्या-सातव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे नुकत्याच बंद केलेल्या इंजिनातलं ऑईल बोटांना पातळच लागणार, आणि रात्रभर उभ्या गाडीतलं तेच ऑईल सकाळी दाट लागणार. चिमटीतून कळतं ते एवढंच, की इंजिन किती तापलेलं आहे.

रंगाचं प्रकरण जास्त मजेशीर आहे. डब्यातून ओतलं जाणारं ऑईल म्हणजे निव्वळ ऑईल नसतं. त्यात धुणारी रसायनं असतात, झीज रोखणारी असतात, आम्ल मारणारी असतात, आणि काजळीच्या कणांना वेढून एकमेकांपासून दूर ठेवणारीही असतात. डिझेल इंजिनात जळणाबरोबर काजळी तयार होतेच. तिचे कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कितीतरी लहान असतात, त्यामुळे फिल्टर त्यांना अडवू शकत नाही. ते ऑईलमध्ये तरंगत राहावेत, कुठे साचून बसू नयेत, हेच त्या रसायनांचं काम. म्हणून डिझेल गाडीत नवं सोनेरी ऑईल भरलं तरी काही दिवसांत ते शाईसारखं काळं होतं. घाण इंजिनाच्या भिंतींवर न बसता ऑईलमध्ये आली, म्हणून ते काळं झालं. हीच तर त्याला दिलेली नोकरी होती.

याला मर्यादा अर्थातच आहे. रसायनं संपत आली की काजळीचे गठ्ठे होतात, ऑईल घट्ट होतं, झाकणाखाली डांबरासारखा गाळ दिसू लागतो. पण ती वेळ आली की नाही, हे काळेपणावरून कळत नाही. उलटी फसगत सीएनजीवाल्यांची होते. सीएनजी जळताना काजळी जवळजवळ होत नाही, म्हणून ऑईल कितीतरी दिवस स्वच्छ दिसतं आणि चालक म्हणतो, "बघा, अजून नव्यासारखं आहे, कशाला बदलायचं?" दरम्यान जळणाच्या उष्णतेत तयार होणारे नायट्रोजनचे ऑक्साइड ऑईलशी संयोग पावत असतात आणि ते हळूहळू घट्ट होत असतं. दिसायला गोरं, आतून संपलेलं.

आता पाच हजार किलोमीटरचा नियम. अमेरिकेत तो तीन हजार मैलांचा होता, आपल्याकडे पाच हजारांचा झाला, आणि वडिलांकडून मुलाकडे वारसाहक्काने आला. तो थोतांड होता असं मी म्हणणार नाही. पद्मिनी, अॅम्बॅसेडर आणि सुरुवातीच्या मारुती ८०० च्या काळात तो अगदी रास्त होता. कार्ब्युरेटरचा चोक ओढून गाडी सुरू केली की गरजेपेक्षा जास्त पेट्रोल आत जायचं, लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या अस्तराच्या, भिंतीवरून ओघळून खाली ऑईलच्या चेंबरमध्ये उतरायचं आणि ऑईल पातळ करायचं. पेट्रोलमध्ये शिसं होतं. ते देशभरात बंद झालं १ फेब्रुवारी २००० रोजी. डिझेलमध्ये गंधक भरपूर होतं. गंधक जळून त्याचं आम्ल होतं आणि ते मारण्यासाठी ऑईलमधला अल्कलीचा साठा खर्ची पडतो. हा साठा संपला की आम्ल बेअरिंगं खायला लागतं. बीएस म्हणजे भारत स्टेज, सरकारचे प्रदूषणाचे निकष. बीएस-३ डिझेलमध्ये दर दहा लाख भागांत गंधकाचे ३५० भाग चालत. बीएस-४ मध्ये ५०, आणि १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ मध्ये फक्त १०. चोक गेला, शिसं गेलं, गंधक गेलं, ऑईलही सुधारलं. नियम मात्र होता तिथेच राहिला.

आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी होईल ते, असं लिहिलेलं असतं. इथपर्यंत वाचून सुटकेचा निःश्वास टाकणाऱ्यांनी त्याच पानावरची बारीक अक्षरंही वाचावीत. सततच्या वाहतूक कोंडीत, धुळीत, किंवा कमी अंतराच्या फेऱ्यांसाठी गाडी वापरत असाल तर ऑईल लवकर बदला, असं तिथे म्हटलेलं असतं. युरोपातल्या माणसाला हा अपवाद वाटेल. हिंजवडीला रोज जाणाऱ्याने तो आपल्यालाच उद्देशून लिहिलाय असं समजायला हरकत नाही.

हिशेब करून बघा. पुणे-नाशिक, पुणे-कोल्हापूर अशा फेऱ्या करणारी गाडी ताशी सरासरी ५० किलोमीटरने दहा हजार किलोमीटर जायला इंजिन २०० तास चालवते. शहरात ताशी १५ ने रखडणारी गाडी त्याच दहा हजारांसाठी ते साडेसहाशेहून जास्त तास चालवते. मीटर दोन्हीकडे तेवढंच फिरलं, पण ऑईलने तिप्पट राबणूक भोगली. तेव्हा शहरातल्या गाडीचं ऑईल सहा-सात हजारांना बदलायला सांगणारा मेकॅनिक मुद्द्याचं बोलतोय. तो त्यासाठी डिपस्टिकवरचा काळा रंग दाखवतो, तेवढं कारण चुकीचं.

कमी अंतराच्या फेऱ्यांत काय होतं तेही पाहू, कारण तिथे एक न पटणारी गोष्ट दडलेली आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी मिळतो, त्याचं पाणी. त्यातलं बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं, थोडं पिस्टनच्या रिंगांमधून झिरपून चेंबरमध्ये उतरतं. तासभर हायवेला गाडी चालली की ऑईल तापून हे पाणी उडून जातं. पण मुलांना शाळेत सोडलं, येताना भाजी घेतली आणि गाडी पार्किंगमध्ये लावली, तर ऑईल धड तापतच नाही. पाणी तिथेच राहतं, ऑईलबरोबर घुसळलं जातं, आणि ऑईल भरायच्या झाकणाखाली पांढरट पिवळा, लोण्यासारखा थर जमतो. पावसाळ्यात हमखास. तो पाहून कुणीतरी लगेच सांगतं, "हेड गॅस्केट गेलं, इंजिन खोलावं लागेल." हेड गॅस्केट म्हणजे इंजिनातलं कूलंट, इंजिन थंड ठेवणारं पाणी, ऑईलमध्ये जाऊ न देणारी सीलपट्टी. गॅस्केट गेलेलं असू शकतं, नाही असं नाही. पण आधी कूलंटची पातळी बघा. ती घटत नसेल आणि डिपस्टिकवर थर नसेल, तर एखाद्या रविवारी गाडी लांब फिरवून आणा आणि झाकण पुन्हा उघडून पाहा.

'गाडी वर्षभर उभीच आहे, ऑईल कशाला बदलू' याचंही उत्तर यातच आहे. तुरळक वापराच्या गाडीत पाणी आणि आम्ल तसंच बसून राहतं. मॅन्युअलमधली वर्षाची अट त्यासाठी असते.

मला सगळ्यात चिवट वाटणारा समज दाट ऑईलचा आहे. "आपल्याकडे बर्फ पडतो का? मग ०डब्ल्यू-२० सारखं पाणी कशाला भरायचं? आपल्या उन्हाळ्याला २०डब्ल्यू-५०च पाहिजे." ऐकायला पटतं. पण यातला 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा ऑईल थंड असतानाचा आणि दुसरा आकडा १०० अंशांवरचा. इंजिन तापलं की आतलं ऑईल ९० ते ११० अंशांच्या आसपास असतं. बाहेर नागपूरचा मे महिना असो की महाबळेश्वरचा डिसेंबर, त्यात फारसा फरक पडत नाही, कारण कूलंट आणि थर्मोस्टॅट ते सांभाळतात. आणि १०० अंशांच्या हिशेबाने मुंबईची २५ अंशांची सकाळ थंडच. त्या वेळी ऑईल दहापटीहून जास्त दाट असतं आणि पंपाला ते वर कॅमशाफ्टपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत, ढकलायचं असतं. इंजिनाची बरीच झीज सुरू होताना आणि ते तापेपर्यंत होते.

पण मग पातळ ऑईल धातूला धातूपासून दूर ठेवतं तरी कसं? याचं उत्तर १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये एका इंजिनिअरला अनपेक्षितपणे सापडलं. बोशँप टॉवर रेल्वेच्या आसांची बेअरिंगं तपासत होता. ऑईल घालायला म्हणून त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर आस फिरायला लागताच ऑईल त्याच भोकातून वर येऊ लागलं. त्याने बूच मारलं, ते निघालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू बाहेर ढकलली गेली. शेवटी त्याने दाबमापक जोडला. बेअरिंगवरचा सरासरी भार दर चौरस इंचाला १०० पौंड होता, आणि मापकाचा काटा २०० च्या पलीकडे गेला. आस स्वतःच फिरता फिरता ऑईलला अरुंद फटीत ओढून नेत होती आणि त्या दाबावर अधांतरी तरंगत होती. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं. पावसात एक्स्प्रेस-वेवर भरधाव गाडीचं टायर पाण्याच्या थरावर चढून रस्ता सोडतं, तेही काहीसं असंच. तिथे ते जिवावर बेतणारं, इथे तारणारं.

या गणितात दाटपणा, वेग, भार आणि फट यांचा मेळ बसावा लागतो. फट किती ठेवायची हे ठरवतानाच कंपनीने कुठलं ऑईल वापरायचं तेही ठरवलेलं असतं. दाट ऑईल भरलं तर ते ढवळण्यातच इंधन वाया जातं, अॅव्हरेज उतरतं, आणि ज्या इंजिनांत व्हॉल्व्हचं टायमिंग ऑईलच्या दाबावर बदलतं, तिथे ती यंत्रणा सुस्तावते. मॅन्युअलमध्ये दोन-तीन ग्रेड दिलेले असतील तर उन्हाळ्यात त्यातला दाट घ्यायला काहीच हरकत नाही. ऑईल पिणाऱ्या म्हाताऱ्या इंजिनात मेकॅनिक दाट ऑईल भरतो ती तडजोडही समजण्यासारखी. नव्या गाडीला ती कशाला?

बीएस-६ डिझेल गाड्यांनी एक नवाच घोळ आणला. "माझी गाडी थेंबभर ऑईल पीत नाही, उलट पातळी वाढलीय," असं कुणी कौतुकाने सांगितलं तर त्याला तातडीने गॅरेजला पाठवा. या गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी पकडणारा फिल्टर असतो. तो भरला की ६०० अंशांच्या आसपास तापवून काजळी जाळावी लागते. त्यासाठी बऱ्याच इंजिनांत सिलिंडरमध्ये उशिरा, थोडं जास्तीचं डिझेल फवारतात. शहरात हे जाळणं वारंवार अर्धवट राहतं आणि न जळलेलं डिझेल भिंतीवरून चेंबरमध्ये उतरतं. पेट्रोल निदान तापल्यावर बऱ्यापैकी उडून तरी जातं. डिझेलचा उत्कलनबिंदू इतका वर असतो की ते तिथेच राहतं. वाढलेली पातळी म्हणजे डिझेल मिसळलेलं, कमकुवत ऑईल. अशा गाड्यांना कमी राखेचं ऑईल लागतं, हेही काउंटरवर सांगावं लागतं, कारण साध्या ऑईलची राख त्या फिल्टरमध्ये कायमची साचते. ती जळत नाही.

दुचाकीवाल्यांसाठी थोडक्यात: कारचं उरलेलं ऑईल बाईकमध्ये ओतू नका. बहुतेक मोटारसायकलींमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑईलमध्ये बुडालेले असतात. कारच्या बऱ्याच ऑईलमधली घर्षण घटवणारी रसायनं क्लच घसरवू शकतात. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' बघा. शिवाय लिटरभर ऑईलवर एवढी सगळी कामं, वर गिअरचे दात त्यातल्या, दाटपणा टिकवणाऱ्या पॉलिमरचे रेणू कातरत असतात. बाईकचं ऑईल कारपेक्षा लवकर बदलावं लागतं ते यामुळे.

ऑईल काढल्यावर डिझेल किंवा रॉकेल ओतून इंजिन 'धुऊन काढणं' अजूनही चालतं. धुतल्यावर ते पूर्ण निथळत नाही, कोपऱ्यांत राहिलेलं नव्या ऑईलला पातळ करतं, आणि वर्षांचा गाळ एकदम सुटला तर पंपाच्या जाळीत जाऊन बसतो. 'ही बाटली ओता, इंजिन नवं होईल' याबद्दलही तसंच. अमेरिकेत स्लिक ५० नावाचं टेफ्लॉनवालं मिश्रण धो-धो खपलं, आणि १९९७ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाबरोबरच्या तडजोडीत त्याच्या कंपन्यांना झीज घटवण्याचे ते बिनपुराव्याचे दावे थांबवावे लागले.

ऑईल खरोखर संपलं का, हे प्रयोगशाळेत कळतं. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँड रेल्वेने इंजिनांच्या जुन्या ऑईलचं वर्णपटाने विश्लेषण करून बिघाड आधीच हेरायला सुरुवात केली. भारतीय रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही ही पद्धत रुजली. लोह वाढलं तर लायनर झिजतोय, तांबं-शिसं वाढलं तर बेअरिंग, सिलिकॉन वाढलं तर एअर फिल्टरमधून धूळ शिरतेय. घरच्या गाडीला एवढा खर्च परवडत नाही. तिच्यासाठी मॅन्युअलमधली मुदत, आपल्या वापरानुसार थोडी आखडलेली, आणि महिन्यातून एकदा सपाट जागेवर, इंजिन बंद करून काही मिनिटांनी पाहिलेली डिपस्टिक पुरते. पातळी वरच्या खुणेपलीकडेही नको. जास्त ऑईल क्रँकच्या तडाख्यात येऊन फेसाळतं आणि पंप ऑईलऐवजी हवा ओढू लागतो.

या सगळ्या समजांपेक्षा मोठा धोका म्हणजे बनावट ऑईल. नामांकित कंपन्यांचे रिकामे डबे भंगारातून विकत घेऊन त्यांत भलतंच भरून विकणारे पकडले जातात, तरी धंदा चालू राहतो. तेव्हा डबा तुमच्यासमोर फोडायला लावा, ग्रेड बिलावर लिहून घ्या, आणि निघताना रिकाम्या डब्याला मेकॅनिकच्याच स्क्रू-ड्रायव्हरने दोन भोकं पाडा.